धनपालशेटचा लग्नातला पट्टा

मेलेल्या माणसावर खापर फोडणं लोकांना इतकं सोपं का जातं? मी पुष्कळांना विचारलं, कुणी सांगितलं नाही.

दुधाचे कॅन घेऊन घाट चढायला जोर मिळावा म्हणून माझ्या दादाने, भैरूने, धनपालशेटच्या गॅरेजात मोटारसायकलला मागचं मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बसवून घेतलं. घाटातच चेन तुटली आणि दादा गेला.

राख सावडली त्या दिवशी शेट आला. आईसमोर खुर्चीत पसरून म्हणाला, "चेन कंपनीच्याच मापाची घातली होती, मावशी. पोरगंच बेफाम चालवायचं."

आईने मान खाली घातली. माझं डोकं फिरलं.

"शेट, लग्नातला पट्टा आहे का अजून?"

"आहे की! अस्सल चामडं."

"मग उद्या तो लावून या."

"येडा का तू? पोट बघ केवढं झालंय! तुटेल तो."

"पोट वाढलं की पट्टा तुटतो, हे कळतं तुम्हाला. मग स्प्रॉकेट वाढवून चेन तेवढीच का ठेवली?"

शेट चहा तसाच ठेवून उठला.

मी तीच गाडी दुरुस्त करून तिला दोन कड्या जास्तीची चेन घातली आणि दादाच्या अस्थी घाटापलीकडच्या नदीवर नेल्या.