गायीचे वरचे दात

आंबेखोलात धुकं उतरलं की भिवाजींची कपिला गाय गोठ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हंबरायची आणि चाऱ्याला तोंड लावायची नाही. एका सकाळी अंगणवाडीच्या अनसूयाबाई पोरांना जनावरांची निगा शिकवायला त्याच गोठ्यात आल्या. तिथे रावजी भगत आधीच येऊन बसला होता. त्याचा शब्द मोडायची गावात कुणाची छाती नव्हती.

भगताने कपिलेचा जबडा फाकवला. "बघा, वरचे पुढचे दात गायब! हडळीने खाल्लेत. आता ती पोरांचे खाणार." मग त्याने छोट्या मैनाच्या तोंडात दात पडून झालेल्या फटीकडे बोट दाखवलं. "सुरुवातही झाली."

मैना बाईंच्या पदराआड शिरली. वारा नव्हता, तरी गोठ्याचं दार करकरलं.

"गाय आजच माझ्या हवाली कर," भगताने फर्मावलं. भिवाजींनी दावं सोडायला हात घातला.

"थांबा भिवाजी," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या पोरांना घेऊन अंगणात भगताच्या बैलगाडीपाशी गेल्या आणि त्यांनी एका बैलाचा ओठ हलकेच वर उचलला. तिथेही वर नुसती हिरडीच होती.

"भगत, हडळ तुमच्याकडेही जेवून गेली की! गाय तुम्ही नेणार, मग हे बैल कुणाच्या हवाली करायचे?"

भगताने घाईने बैलांचा कासरा हाती घेतला.

"घाबरू नका रे," बाई पोरांना म्हणाल्या, "गायीबैलांना वरचे पुढचे दात जन्मापासूनच नसतात. आणि मैनाचा दुधाचा दात पडलाय, तिथे नवा येईल."

भिवाजींनी दावं पुन्हा घट्ट बांधलं आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. भगताची गाडी धुक्यात कधी शिरली, ते कुणालाच कळलं नाही.