केवळ पाण्याने

"आणखी किती पाणी मारू, बाई?"

वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत मल्हार काठीकर या तरुण इंजिनिअरने अखेर हात टेकले होते. कोळशाच्या धुरातला पारा पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन काढायचा, हा त्याचा प्रकल्प. फवारे दुप्पट केले, चौपट केले, तरी पारा चिमणीतून जायचा तो जातच होता. आणि चिमणीचा धूर उतरायचा गावच्या तलावावर. मासे धरणाऱ्या ढिवरांची पोरं तिथलीच मासळी खाऊन वाढत होती.

धूर स्वच्छ आहे, अशा अहवालावर सही उद्या मल्हारला करायची होती.

सुमित्राबाई वझलवार तिथल्या जुन्या रसायनतज्ज्ञ. सव्वीस वर्षांत साहेब आठ बदलले, पण खोट्या आकड्यावर बाईंची सही कुणाला मिळाली नाही. अशी माणसं असतात म्हणून तर जग चाललंय!

बाईंनी कपाटातून लाखेने बंद केलेली एक शिशी काढली. आत पाणी, तळाशी जुन्या थर्मामीटरमधला पारा.

"हलव."

त्याने हलवली.

"जोरात हलव न."

पाऱ्याचे दहा मणी झाले. हात थांबला, तसे ते पुन्हा एक झाले.

"भिजला?"

"...नाही."

"पाणी कमी पडलं?"

मल्हारने शिशी उजेडात धरली. पारा तसाच होता.

"त्याच्याजवळचं थोडं काढून घे. मग पाणी धरील त्याला."

हे त्याला तोंडपाठ होतं. फवाऱ्याच्या आधी धुरात ऑक्सिडीकारक रसायन सोडायचं. ते पाऱ्याचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतं, मग पारा पाण्यात विरघळतो.

"पण बाई, रसायन घातलं की माझी पद्धतच संपली! अहवालाचं नावच आहे 'केवळ पाण्याने पारानियंत्रण'. दोन वर्षं घातली मी त्यात. सगळे याच नावाने ओळखतात मला."

बाईंनी अहवाल त्याच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

...

खिडकीतून तलाव दिसत होता. काठावर एक ढिवरीण टोपलीत मासळी भरत होती. तिच्याकडे पाहत मल्हारने पेन उचललं.

मग त्याने 'केवळ' खोडलं. एकच शब्द, पण दोन वर्षांचा.

"गेलं, बाई." त्याने पेन खाली ठेवलं. "माझं म्हणून काय राहिलं आता?"

बाईंनी शिशी जपून कपाटात ठेवली.

"थोडं गेलं न? आता पाणी धरील."