खेकड्यावरचा राजा

फार पूर्वी, ग्रीकांच्या समुद्रात बेटागणिक राज्य वेगळं आणि नाणंही वेगळं होतं, तेव्हा घडलेलं सांगतो. लहानथोरांनो, ऐका.

एका बेटावर एक छोटं बंदर होतं. तिथल्या चांदीच्या नाण्यावर खेकडा असे. दूरदूरचे व्यापारी तो खेकडा पाहिला की नाणं वजन न करता कनवटीला लावत. हा खेकडा तिथल्या टांकसाळीत लाम्पोन नावाचा म्हातारा कारागीर उमटवत असे.

एके वर्षी शेजारच्या राजाने ते बेट जिंकलं. तिसऱ्याच दिवशी तो टांकसाळीत आला.

“महिन्याभरात इथल्या प्रत्येक नाण्यावर माझा चेहरा दिसला पाहिजे,” तो म्हणाला.

लाम्पोन म्हणाला, “महाराज, मग चांदी वितळवावी लागेल. लढाईत आसपासचं रान जळून गेलंय. भट्टीला लाकूड कुठून आणू?”

“वितळवायचं कशाला? आहे त्या नाण्यावरच माझा ठसा मार.”

“मारता येईल. पण घाव हलका बसला तर खालचा खेकडा दिसत राहील, आणि जोरात बसला तर नाण्याची कड फुटेल.”

“ते तुझं तू बघ,” राजा म्हणाला आणि गेला.

लोकांनी घराघरांतली नाणी आणून टाकली. लाम्पोन एकेक नाणं तापवी, ठशांमध्ये धरी आणि घण मारी. नाणं फुटू नये म्हणून तो बेताने मारत होता. महिन्याने नवी नाणी बाजारात आली. कुठे राजाच्या गालातून खेकड्याची नांगी निघाली होती, कुठे कपाळावर पाय फुटले होते. मासळीबाजारात बायका नाणं एकमेकींना दाखवत आणि तोंडाला पदर लावून हसत.

हसण्याची बातमी राजाच्या कानावर गेली. त्याने लाम्पोनला चौकात उभं करून चाळीस फटके मारवले. मग टांकसाळीत सैन्यातला एक दांडगा गडी बसवला. त्याने असे घण घातले की खेकड्याचा मागमूस उरला नाही. नाण्यांच्या कडा मात्र वाळल्या भाकरीसारख्या तडकल्या.

शरद ऋतूत धान्याचं जहाज आलं. जहाजाच्या मालकाने एक नाणं हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

“हा कोण?” त्याने विचारलं.

“आमचे राजे,” बंदरावरचा अधिकारी म्हणाला.

“असतील. मी यांना ओळखत नाही. आणि ही चांदी अशी का फुटलीय? आत काय भरलंय?”

“चांदीच आहे हो. तोलून बघा!”

“खेकड्याचं नाणं माझ्या आजोबांनीही कधी तोललं नव्हतं,” मालक म्हणाला. त्याने शिडं चढवली आणि धान्य तसंच परत नेलं. त्याच्यामागून आलेल्या दोन जहाजांनी तर नांगरही टाकला नाही.

थंडी पडली आणि वादळांनी समुद्र बंद झाला. बेटावर जवाचं पीठ संपलं. लोक सुके मासे उकळून दिवस काढू लागले. राजाचे सैनिकही त्याच बेटावर जेवत होते. अर्ध्या पोटी पहारा देताना ते आपसांत कुजबुजू लागले आणि राजा दिसला की गप्प होऊ लागले.

ते गप्प होणं राजाला कळलं. एका सकाळी तो एकटाच लाम्पोनच्या घरी गेला. लाम्पोनच्या बायकोने, मिर्तोने, दार उघडलं.

“त्यांची पाठ अजून भरली नाही, उठवत नाही त्यांना,” ती म्हणाली. “तुम्हीच आत या.”

राजा वाकून आत गेला. लाम्पोन पालथा पडला होता. राजा बाजूच्या तिवईवर बसला.

“काय करायला हवं?” राजाने विचारलं.

“सगळं वितळवून पुन्हा ओतायला हवं. लाकूड द्या.”

“लाकूड नाहीच.”

“बंदरात तुमच्या विजयाची कमान आहे.”

देवदाराची ती प्रचंड कमान राजाने बेट जिंकल्यावर उभारली होती. तो म्हणाला, “बरं. घे.” मग त्याने विचारलं, “आणि ठसा?”

“धान्य हवं असेल तर खेकडा, महाराज. तुमचा चेहरा तिकडे कोणी ओळखत नाही.”

राजाने मान हलवली आणि तो बाहेर पडला.

कमान तोडून भट्टीत घातली. फटक्यांमुळे लाम्पोनचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. तो ऐरणीशेजारी बसून सांगे आणि दुसरे घण मारत. चांदी ओतली गेली, खेकडा उमटला. वसंतात समुद्र मोकळा झाला, तेव्हा जहाजमालकाने नाणं पाहिलं, कनवटीला लावलं आणि पोती उतरवायला सांगितलं. त्याआधी थंडीत बेटावरची सतरा माणसं दगावली होती. त्यांत सैनिकही होते.

राजाने पुढे अकरा वर्षं राज्य केलं. त्याच्या चेहऱ्याची नाणी वितळून गेली होती आणि तो चेहरा पुन्हा कशावरच कोरला गेला नाही, म्हणून तो कसा दिसायचा ते आज कोणाला सांगता येत नाही. मात्र त्याच्या काळात फटक्यांची शिक्षा पुन्हा कोणाला झाली नाही, आणि धान्याची जहाजं दरवर्षी येत राहिली.

तात्पर्य : सत्तेच्या बळावर नाव कुठेही उमटवता येतं, विश्वास मात्र लोकांनी ठेवला तरच मिळतो.