पोटरीवरचं काळं

“पट्टी तुमी बांधली मांडीला, मग ह्ये पोटरीला काय उगवलं?”

तालमीच्या पायरीवर बसून हिंदुरावाने दादू वस्तादांसमोर पायजमा वर केला. गुडघ्याच्या मागून पार घोट्यापर्यंत काळंनिळं पडलं होतं.

आठ दिवसांपूर्वी, कुणी नावही न ऐकलेल्या एका गड्याने त्याला भर मैदानात चीत केलं. पडता पडता मांडीचा मागचा स्नायू फाटला. तेव्हापासून त्याचं डोकं ताळ्यावर नव्हतं. घरात भांडं वाजलं तरी तो पेटून उठायचा.

इथवर तो आला तो बायकोच्या खांद्यावर भार टाकून. वाटेत तिच्यावरच दोनदा खेकसला. सगुणा आता पायरीखाली मान घालून उभी होती.

“चोळू दिलं असतं तर कवाच मोकळं झालं असतं. तुमी न्हाई म्हनला. आता पाय सडाय लागला. मी मातीत कवा उतरायचं, तेवढं सांगा.”

वस्ताद खाली वाकले. पट्टी सोडून त्यांनी काळ्या पोटरीवर अंगठा दाबला.

“दुखतंय?”

“न्हाई.”

अंगठा वर सरकला. मांडीच्या मागे, जिथे कातडी अगदी स्वच्छ होती...

हिंदुरावाच्या तोंडून शिवी गेली. वस्तादांसमोर आजवर कुणाची ती छाती झाली नव्हती. त्याला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त वस्तादांचा.

“फाटलंय हितं,” वस्ताद म्हणाले. “रगात आत सांडलं, आन् वाट घावंल तसं खाली उतरलं. पोटरीला काय बी झालेलं न्हाई.”

“मग ह्ये काळं?”

“हिरवं हुईल, पिवळं हुईल, जाईल. मांडी आपली आपण सांधती. चोळशील तर पुन्हा फाटंल.”

“त्ये ऱ्हाऊ द्या. मातीत कवा?”

वस्ताद पट्टी गुंडाळू लागले.

“पोरी, जरा टोक धर.”

सगुणाने हात पुढे केला. पदर सरकला. मनगटाच्या वर चार निळे वळ होते, बोटांएवढे.

“ह्ये काय?”

“दारात अडकला हात,” ती म्हणाली, आणि पदर ओढून घेतला.

हिंदुराव रस्त्याकडे बघू लागला.

वस्तादांचे हात थांबले. मग त्यांनी सगुणाच्या हातातून पट्टीचं टोक काढून घेतलं, हिंदुरावाच्या मुठीत कोंबलं, आणि गाठ न मारताच उठले.

“वस्ताद, मातीचं...”

“मैदानात लागलं तुला, हिंदुराव. काळं हिच्या हाताला कसं उतरलं?”