मोरपंखी खड्यातली रेघ

बकुळा सात वर्षांची होती आणि उद्यापासून तिची आई तिच्याजवळ नसणार होती. माणिकवाडीत घरोघर रंगीत खडे घासायचं काम चाले, पण यंदा बकुळाच्या आईकडे कामच आलं नव्हतं. घरात उरला होता एकच मोरपंखी खडा. आज राणीसरकारांची रत्नपारखी ताराक्का येणार होती. तिने तो घेतला तर ठीक, नाहीतर आई दूर शहरात कामाला जाणार आणि बकुळा मामीकडे राहणार. मामी काही वाईट नव्हती हो, पण ती आई नव्हती.

खडा मोठा देखणा! सरळ धरला की निळा, कलता केला की हिरवा, मधोमध सोनेरी झिलमिल. फक्त पोटात केसाएवढी पांढरी रेघ होती. आणि माणिकवाडीची रीत अशी, की गिऱ्हाईकाला खोट दाखवायचीच, तीही घरातल्या सगळ्यात धाकट्याने.

बकुळा रडवेली होऊन बागेत गेली. विहीर आटलेली, हातातल्या तांब्यात घोटभर पाणी. कोपऱ्यात गुलबक्षीचं इवलंसं रोप मान टाकून पडलं होतं.

"तूच पी बाई," म्हणत तिने तांब्या रिकामा केला.

टप्पकन गुलाबी कळी उमलली आणि आतून अंगठ्याएवढी परी निघाली. पंख जांभळे, झगा लिंबासारखा पिवळा, आणि ऐट तर विचारूच नका!

"माग एक इच्छा," परी म्हणाली.

"आमच्या खड्यातली रेघ घालव ना गं!"

"घालवते. पण अट ऐक. माझ्या जादूबद्दल कुणाला सांगितलंस, तर रेघ परत येईल."

बकुळा खूश झाली. खोटच उरली नाही, तर दाखवायची काय? पोरीची हुशारी बघा!

दुपारी ताराक्का आली. उत्तरेच्या खिडकीत बसून तिने खडा उजेडात धरला. उलटला. पुन्हा धरला.

"रंग तर असा, की नजर हलत नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा बघतेय. बरं, खोट दाखवा."

आईने बकुळाला पुढे केलं. "बकुळे, दाखव गं रेघ."

बकुळाने खडा हातात घेतला. 'रेघ नाहीच' एवढं म्हटलं, की आई घरी राहणार होती. पण मग आई खोटी पडली असती, आणि ते बकुळाला मुळीच सहन होईना.

"होती," ती हळूच म्हणाली. "परीकडून मी ती पुसून घेतली."

लगेच खड्यात पांढरी रेघ उमटली. बकुळा हुंदके देऊ लागली.

"रडतेस काय, वेडाबाई?" ताराक्का म्हणाली. "खोट नाहीच म्हणाली असतीस, तर मी उठून जाणारच होते! इतका निर्मळ खडा म्हणजे मला भट्टीत ओतलेली काच वाटली. ही रेघ जमिनीच्या पोटातली आहे. अशी रेघ नि असा रंग दुसऱ्या कुणाच्या अंगठीत सापडायचा नाही, आणि राणीसरकारांना तेच तर हवं असतं. खडा मी घेतला. आणि बाई, राजवाड्याचे सगळे खडे आता तुमच्याकडेच घासायला येतील. इतकं खरं बोलणारं घर मला कुठे मिळायचं?"

खिडकीच्या कट्ट्यावर परी बसली होती. "अट मोडलीस," ती गोड हसली. "फार बरं केलंस!" आणि सोनेरी, निळ्या, हिरव्या उजेडाचा एकच झोत उसळला नि परी त्यात विरून गेली.

बकुळाने मात्र तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईच्या गळ्यात पडली होती, आणि आई म्हणत होती, "आता मी कुठ्ठे जात नाही."