पट्ट्याचा वेग

“पण वस्ताद, मोटारीत दम होता. मग जुना पट्टा एवढा हळू का चालवलात?”

वस्ताद ढवळीकर नव्या पट्ट्याकडं बघत होते.

सांगलीजवळच्या त्या हळदीच्या कारखान्यात ते फार वर्षांनी आले होते. निशिकांत आवटीनं मुद्दाम गाडी पाठवून त्यांना आणलं होतं. माल वाहणारे पट्टे बांधायला तो वस्तादांच्याच हाताखाली शिकला. आता त्याचा स्वतःचा पट्ट्यांचा कारखाना होता. वस्तादांनी इथं बसवलेला पट्टा काढून त्यानं नुकताच नवा बसवला होता, आणि त्याला शाबासकी हवी होती.

“गिऱ्हाईक सांगेल तसा पट्टा देतो, वस्ताद. लांबी, रुंदी, चढ, वेग... म्हणाल ते.”

“इथं काय सांगितलं?”

“माल जास्त निघाला पाहिजे.”

“निघतोय?”

“दुप्पट!”

वस्तादांनी मान डोलावली.

पट्ट्यावरून हळकुंडं धावत होती. दोन्ही बाजूंनी बसलेल्या बायका त्यातले खडे वेचत होत्या. वस्ताद एका रिकाम्या स्टुलावर बसले. समोर शेवंता होती, जुन्या पट्ट्यापासूनची. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि सुपारीचं खांड पट्ट्यावरून तिच्यापुढं धरलं.

शेवंतानं हात पुढं केला... आणि मागं घेतला.

“नगं वस्ताद. नजर हलली की खडा जातोय.”

बोलतानाही तिनं वर पाहिलं नाही.

वस्तादांनी हात तसाच धरून ठेवला. खालून हळद वाहत राहिली.

निशिकांत हसला. मग थांबला. एवढ्या बायका, आणि आवाज फक्त रोलरचा...

त्याला तो जुना कॅनव्हासचा पट्टा आठवला. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी पिवळी धूळ आठवली. आणि काय तो गलका! कुणाची म्हैस व्यायली, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाच्या सासूनं काय तारे तोडले... पट्ट्याखाली शिरून तेल घालता घालता त्याला सगळ्या गावाची खबर लागायची. एकदा असाच खाली वाकलेला असताना डोक्यावर एक म्हातारी म्हणाली होती, “पोरगं कष्टाळू दिसतंय. आमच्या भाचीला बघूया का?” बायका खो-खो हसल्या. तो लाजून बाहेरच येईना. तेव्हा वस्तादांनी मोटार बंद केली होती, सगळ्यांचं हसून होईपर्यंत.

त्याच भाचीनं आज सकाळी त्याचा डबा भरून दिला होता.

निशिकांत स्विचबोर्डापाशी गेला. वेगाच्या बटणावर हात ठेवून उभा राहिला.

“वस्ताद... किती ठेवू?”

वस्तादांनी सुपारी स्वतःच्याच तोंडात टाकली.

“शेवंताला नात झालीय म्हणतात. विचार, नाव काय ठेवलं.”