गिरणीतला पहिला हार

गावात वीज नुकतीच आली होती, त्या काळची गोष्ट. मार्तंडाच्या पिठाच्या गिरणीत जुन्या डिझेल इंजिनाशेजारी नवी मोटर बसली. पट्टा मात्र एकच. वीज असली की तो मोटरवर चढायचा, नसली की इंजिनावर.

खंडेनवमीला पूजेचा पहिला हार कोणाला, यावरून सकाळीच दोघांची जुंपली.

"बटण दाबलं की मी पळते. ना धूर, ना खोकला," मोटर म्हणाली.

"परक्या तारेवर जगतेस तू," इंजिन गुरगुरलं. "माझी आग माझ्याच पोटात पेटते. पट्ट्याला विचार, तो दोघांकडे राबलाय."

पट्टा ऐटीत म्हणाला, "मोटरबाई, तुझी चाल मऊ, पण तार मेली की न सांगता थांबतेस. इंजिनदादा, तुझे हिसके फार, पण डिझेल संपत आलं की आधी खोकून सांगतोस. आणि मी नसलो, तर दोघंही नुसतेच गरगराल. हार माझाच."

तेवढ्यात मार्तंड आंघोळ करून आला. त्याने तिघांनाही हळदकुंकू लावलं आणि हार नेऊन घातला गिरणीच्या दगडाला. वर्षभर दळण त्यानेच दळलं होतं, आणि तो अजून एक शब्दही बोलला नव्हता.